वजन घरचंच वापरा

गावडेबाईंची आणि आमची ओळख भिंतीतून झाली.

मुलुंड पूर्वेला, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत आम्ही राहायला आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी, सकाळी बरोबर सहा वाजता, भिंतीवरचं कॅलेंडर हलायला लागलं. वारा नव्हता, पंखा बंद होता. धप्, धप् असा आवाज यायचा आणि कॅलेंडरवरचा गणपती जागच्या जागी डोलायचा. माझी बायको वसुधा उशीवरून डोकं उचलून म्हणाली, "अहो, कुणीतरी भिंत ढकलतंय."

"झोप गं. भिंत कोण ढकलेल?" मी म्हटलं, आणि कॅलेंडर खाली पडलं.

शेजारचं दार उघडंच होतं. आत एक बुटक्या, काटक बाई. केस अर्धे पिकलेले, पदर कमरेला खोचलेला, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिट्टी. दोन्ही तळवे भिंतीला टेकवून त्या पुढे झुकत होत्या आणि स्वतःला मागे लोटत होत्या.

"सदतीस," माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या. "तीन राहिलेत. थांबा."

मी पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात थांबलो. चाळीस झाल्यावर त्यांनी शिट्टी वाजवली. खोलीत त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं, म्हणजे ती त्यांनी स्वतःसाठीच वाजवली असणार. मग त्या वळल्या.

"काय पडलं?"

"कॅलेंडर."

"खिळा बदला. आणि तुम्ही पोक काढून उभे राहता. रोज पाच मिनिटं भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. भिंत आहे ना घरात?"

भिंत होती. नाही कसं म्हणणार?

बाई घाटकोपरच्या एका मुलींच्या शाळेत बत्तीस वर्षं पीटी शिकवत होत्या. आम्ही राहायला आलो तेव्हा त्यांना निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. मूळच्या मालवणकडच्या. लग्न केलं नव्हतं. वसुधाने एकदा आडून आडून कारण विचारलं तर म्हणाल्या, "राहून गेलं," आणि लगेच, "खांदे खाली." त्यापुढे तो विषय कधी निघाला नाही.

त्या शाळेला मैदान नव्हतं. खाली दुकानं, वर वर्ग आणि मधे एक अरुंद व्हरांडा. खेळाचं सामान म्हणाल तर एक चेंडू होता, तो मोठ्या बाईंच्या कपाटात असायचा, आणि हवा जाईल म्हणून तो बाहेर काढत नसत. पहिले काही महिने गावडेबाईंनी अर्ज केले. मग अर्ज करायचं सोडून दिलं आणि वर्गात जे होतं ते वापरायला सुरुवात केली. बाकावर हात टेकून जोर, भिंतीला पाठ लावून अदृश्य खुर्चीत बसायचं, दाराच्या चौकटीत उभं राहून दोन्ही हातांनी चौकट बाहेर ढकलायची. "बत्तीस वर्षं ढकलली," बाई सांगायच्या, "चौकट हलली नाही. मुली मात्र अशा झाल्या!" आणि मूठ वळून दाखवायच्या.

त्यामुळे व्यायामासाठी काही विकत आणणं हा बाईंच्या दृष्टीने शुद्ध आळस होता. स्टेशनजवळ तेव्हा एक नवीन व्यायामशाळा निघाली होती, आरसेबिरसे लावलेली. दुसऱ्या मजल्यावरचे कुलकर्णी तिथे जायला लागले. बाईंनी त्यांना जिन्यातच गाठलं.

"काय करता तिथे?"

"वजन उचलतो, बाई."

"आणि सकाळी नळाच्या बादल्या कोण उचलतं?"

"मिसेस."

"मग वजन शोधायला स्टेशनपर्यंत कशाला जाता? घरचंच वापरा."

कुलकर्णी तसे भिडस्त. दुसऱ्या दिवसापासून बादल्या ते उचलायला लागले. मिसेस कुलकर्णींनी बाईंना डबाभर पुरणपोळ्या नेऊन दिल्या. बाईंनी त्या मनापासून खाल्ल्या आणि त्या संध्याकाळी वीस बैठका जास्त मारल्या.

"वजन घरचंच वापरा" हे पुढे आमच्या इमारतीत सगळ्यांच्या तोंडी बसलं. बाईंच्या मते देवाने प्रत्येकाला उचलायला एक वजन दिलेलंच आहे, ते म्हणजे तो स्वतः. काहींना जरा सढळ हाताने दिलंय एवढंच. हे वाक्य बोलताना त्या समोरच्याच्या पोटाकडे बघायच्या, त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरचे जोशी त्यांना बघून मागे फिरायचे. बाईंना त्याचंही समाधान होतं. "फिरतात ना? तेवढंच चालणं."

दुधाच्या केंद्रावर त्या रांगेत टाचा वर-खाली करत उभ्या राहायच्या. पहिले दोन-चार दिवस लोक हसले. मग एकेक जण नकळत टाचा उचलायला लागला. एकदा सकाळी मी लांबून पाहिलं, तर पंधरा-वीस माणसं हातात पिशव्या घेऊन एका ताला-सुरात वर जात होती, खाली येत होती, आणि दूध देणारा माणूस खिडकीतून वाकून बघत होता.

रविवारी संध्याकाळी बाईंच्या घरी टीव्हीवर सिनेमा बघायला गर्दी व्हायची. चहा मिळायचा, चिवडा मिळायचा, पण एक अट होती. जाहिराती लागल्या की सगळ्यांनी उठायचं आणि जाहिराती संपेपर्यंत उठा-बशा काढायच्या. साबणाची जाहिरात फार लांबायची. आमच्या इमारतीतल्या निम्म्या लोकांनी स्वतःचा टीव्ही घेतला तो त्या साबणामुळे, असं माझं प्रामाणिक मत आहे. हळूहळू बाईंकडची गर्दी कमी झाली. शेवटी रविवारचे आम्ही दोघंच उरलो. बाई काही बोलल्या नाहीत, फक्त चिवड्याची ताटली लहान झाली.

आम्हाला तिथे येऊन वर्ष झालं असेल, आणि गावाहून तार आली. माझ्या वडिलांना, दादांना, अर्धांगाचा झटका आला होता.

दादा कोर्टात शिरस्तेदार होते. आई गेल्यावर मालवणजवळच्या घरात एकटेच राहायचे आणि कुणाचं ऐकायचे नाहीत. त्यांना मुंबईला आणलं, हॉस्पिटलात ठेवलं. जीव वाचला, बोलणं सुधारलं, पण डावा हात आणि डावा पाय रुसून बसले. त्यांना न्यायचं कुठे हा प्रश्न होता. खरं तर माझ्या मोठ्या भावाचा, अण्णाचा, हक्क होता आणि त्याची तयारीही होती. पण अण्णा चेंबूरला तिसऱ्या मजल्यावर राहायचा आणि त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. तेव्हा ठरलं असं, की दादा जिना चढायला लागेपर्यंत माझ्याकडे, तळमजल्यावर. मग अण्णाकडे, कायमचे.

दादा आले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. डॉक्टरांनी व्यायाम सांगितले होते. मी कागद वाचून दाखवला की ते म्हणायचे, "ठेव तिथे." वसुधाने हात वर करायला मदत केली तर, "राहू दे, बाळ." आठ दिवसांत त्या कागदावर चहाचे तीन डाग पडले, आणि दादांचा हात होता तिथेच.

नवव्या दिवशी सकाळी अकरा वाजता गावडेबाई आल्या. शेजारच्या दारातून आमच्या दारात यायला चार पावलं, पण बुटांच्या नाड्या बांधलेल्या, शिट्टी गळ्यात. काखेत एक हजेरीपट. मी त्या दिवशी रजेवर होतो म्हणून हे सगळं डोळ्यांनी पाहिलं.

"ह्या कोण?" दादांनी विचारलं.

"शेजारच्या बाई. व्यायाम शिकवतात."

"मला शिकवणी नको."

बाईंनी खुर्ची ओढली, हजेरीपट उघडला आणि दादांचं पूर्ण नाव खणखणीत आवाजात पुकारलं. दादा गप्प. बाईंनी दुसऱ्यांदा पुकारलं. दादा गप्प. बाईंनी पेन काढलं, "गैरहजर," असं मोठ्याने म्हणत लिहिलं, पट मिटला आणि निघून गेल्या.

दुपारी दादांनी मला जवळ बोलावलं. "त्या बाईंनी खरंच लिहिलं काय रे?"

"लिहिलं."

"पण मी इथे होतो. समक्ष. ही नोंद चुकीची आहे."

दुसऱ्या दिवशी पुन्हा गैरहजर. दादांना रात्रभर झोप लागली नाही. चाळीस वर्षं ज्या माणसाने कोर्टाच्या कागदांत काना-मात्रेची चूक राहू दिली नाही, त्याच्या स्वतःच्या नावापुढे धडधडीत खोटी नोंद! तिसऱ्या दिवशी बाईंनी पट उघडला मात्र, नाव पुरतं उच्चारायच्या आत दादा ओरडले, "हजर!"

"हजर माणूस बसलेला असतो," बाई म्हणाल्या. "उठून बसा."

दादा उठून बसले. अकरा दिवसांत पहिल्यांदा.

मग रोज अकरा ते बारा. सुरुवात बोटांपासून झाली. डाव्या हाताची बोटं भिंतीवर टेकवायची आणि मुंगीसारखी वर चढवायची. जिथे थांबतील तिथे बाई पेन्सिलीने रेघ मारायच्या आणि बाजूला तारीख लिहायच्या. आमच्या नव्या रंगवलेल्या भिंतीवर रेघांची शिडी उभी राहायला लागली. वसुधाला पहिल्यांदा वाईट वाटलं, मग तीच संध्याकाळी मी आलो की सांगायची, "आज दादा दोन बोटं वर गेले!"

मग मूठ. बाईंनी स्वयंपाकघरात जाऊन कणकेची परात आणली आणि दादांच्या मांडीवर ठेवली. जन्मात ज्यांनी पाण्याचा पेला स्वतः भरून घेतला नाही ते शिरस्तेदार डाव्या हाताने कणीक मळायला लागले. त्या महिन्यातल्या पोळ्या चिवट होत्या, पण कुणी तक्रार केली नाही. मग बोटांच्या टोकांसाठी मेथी निवडणं. मग मटार सोलणं. तीन महिन्यांत आमच्या घरातलं निम्मं स्वयंपाकघर दादांकडे व्यायाम म्हणून गेलं होतं, आणि वसुधा बाईंना देव मानायला लागली होती.

भांडणंही झाली. दादा खुर्चीतून हात न टेकता उठायचा प्रयत्न करत होते. चार वेळा धप्पकन बसले आणि पाचव्यांदा चिडून म्हणाले, "नको मला हे. म्हातारपणी नाचवताय मला!"

बाई एरवी शाळेतलं शुद्ध बोलायच्या. पण त्या दिवशी एकदम मालवणीवर आल्या. "तुमका जमाचा नाय तर तसा सांगा. मी जातंय घराक."

दादा चमकले. आई गेल्यापासून त्यांच्याशी घरात कुणी मालवणी बोललं नव्हतं. आम्हा भावांना ती समजते, पण बोलता येत नाही. क्षणभर बाईंकडे बघत राहिले आणि मग हात पुढे केला. "जमाचा नाय कित्याक? धरा हात."

त्या दिवशी ते उठले. त्यानंतर अकरा ते बारा आमच्या घरात मालवणीच चालायची, माशांच्या नावांपासून गावच्या जत्रेतल्या भांडणांपर्यंत. मधूनमधून बाई "दहा... अकरा..." असे आकडे टाकायच्या, पण वसुधा म्हणायची की हल्ली अकरानंतर परत नऊ येतात.

पाचव्या महिन्यात दादा काठी न घेता खोलीभर चालायला लागले. जिन्याची पहिली पायरी, मग दोन, मग चार. एका गुरुवारी मी अंगात कणकण होती म्हणून ऑफिसातून लवकर निघून घरी आलो. साडेअकरा झाले असतील. घरात दादा नव्हते. वसुधा म्हणाली, "जिन्यात असतील." मी जिना चढत गेलो. पहिला मजला, दुसरा, तिसरा. गच्चीच्या दारापाशी, अगदी वरच्या पायरीवर, दादा आणि बाई शेजारी शेजारी बसले होते. मधे मटारांची ताटली. दादा काहीतरी सांगत होते आणि बाई हसत होत्या. पदराने डोळे पुसत हसत होत्या. बाईंना हसताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. मी चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता खाली आलो.

पुढच्याच रविवारी अण्णा आला. वहिनीने चेंबूरच्या घरात दादांसाठी खिडकीजवळची जागा रिकामी केली होती, नवी गादी भरून घेतली होती. अण्णा मनाने सरळ. आपलं कर्तव्य धाकट्या भावावर पडलंय याचं त्याला खरंच ओझं होतं. दादा चालत दारापर्यंत आले तसे त्याचे डोळे भरून आले.

"दादा, मग पुढच्या रविवारी टॅक्सी घेऊन येऊ?"

दादांनी माझ्याकडे पाहिलं, वसुधाकडे पाहिलं. मोठ्या मुलाला नाही कसं म्हणायचं हे त्यांना कळेना. म्हणाले, "तू म्हणशील तसं."

"पण तीन मजले जमतील ना? बाईंना विचारू या. त्या सांगतील ते खरं."

बाईंना बोलावलं. त्या आल्या, सगळं ऐकून घेतलं. चेहरा नेहमीसारखा, ताठ. "चला," एवढंच म्हणाल्या.

आम्ही सगळे जिन्यापाशी गेलो. दादांनी कठड्याला हात लावला आणि चढायला लागले. एक, दोन, तीन. पाय सरळ पडत होता, मान वर होती. मुलासमोर चढून दाखवायचा थोडा अभिमानही त्या पाठीत दिसत होता. चौथ्या पायरीवर बाईंची शिट्टी वाजली.

"थांबा. पुरे."

दादा वळले. काय चुकलं ते त्यांना समजेना.

बाई अण्णाकडे बघत म्हणाल्या, "डावा पाय अजून कच्चा आहे. तीन मजले नाही जमायचे. घाई करू नका."

मी वसुधाकडे पाहिलं. ती पायरीकडे बघत होती. दादा बाईंकडे बघत उभे होते. या माणसाला कुणी कच्चं म्हटलेलं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं, आणि म्हटलं असतं तर काय झालं असतं तेही मला ठाऊक होतं. मग दादांनी सावकाश कठडा घट्ट धरला, डावा गुडघा जरासा वाकवला आणि म्हणाले, "होय रे अण्णा. दमलो."

तो डावा पाय त्यानंतर कायम कच्चाच राहिला. अण्णा दर दिवाळीला विचारायचा, बाई दर दिवाळीला मान हलवायच्या आणि दादा दर दिवाळीला आमच्या घरातल्या घरात लंगडायचे. वहिनीने शेवटी ती गादी आमच्याकडे पाठवून दिली. पण हे पुढचं.

त्या रविवारी अण्णाला बसस्टॉपवर सोडून मी परत आलो, तर बाईंचं दार अर्धवट उघडं होतं. बाई खुर्चीत बसल्या होत्या. टीव्ही बंद. मला बघून उठल्या नाहीत.

"तुम्हाला कळलं असेल," त्या म्हणाल्या.

"काय?"

"बत्तीस वर्षांत एका मुलीला अर्धा मार्क जास्त दिला नाही की कमी दिला नाही. आज तुमच्या भावाच्या तोंडावर खोटं बोलले."

मी नुसताच उभा राहिलो, बहुतेक पोक काढून. पण आज त्यांनी ते सांगितलं नाही.

"शाळा सुटल्यावर पहिलं वर्ष कसं गेलं माहीत आहे?" बाई खाली बघत म्हणाल्या. "सकाळी सहाला व्यायाम, सातला दूध. मग दिवसच. दुपारचे दोन वाजले तरी केस विंचरलेले नसायचे. कुणासाठी विंचरायचे? आता अकराला निघायचं असतं, म्हणून साडेदहाला वेणी घालते." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "उद्या येऊ ना मी?"

इतक्या दिवसांत बाईंनी मला शेकडो गोष्टी सांगितल्या होत्या. विचारलेली ही पहिलीच.

"या ना," मी म्हटलं. "आणि बाई, दादा पण साडेदहालाच दाढी करून बसतात. इस्त्रीचा सदरा घालून. वसुधाला दर पाच मिनिटांनी किती वाजले ते विचारतात."

वाकून बाईंनी बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. ती चांगली घट्ट बांधलेली होती. मग उठल्या, आत गेल्या, आणि आतूनच त्यांचा आवाज आला, "बसा. चहा टाकते."